वरचं दूध

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात ५ डिसेंबर २००६ रोजी टोस्का नावाच्या ध्रुवीय अस्वलिणीला दोन पिल्लं झाली. टोस्का एके काळी पूर्व जर्मनीच्या सर्कशीत खेळ करायची. तिनं पिल्लं जवळ घेतली नाहीत. ती खडकावर उघडी पडून राहिली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी लांब दांड्याच्या जाळ्यानं त्यांना उचलून घेतलं. एक पिल्लू चार दिवसांत गेलं. दुसरं गिनीपिगएवढं होतं. ते ४४ दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिलं आणि तगलं. त्याचं नाव क्नुट. त्या प्राणिसंग्रहालयात तीस वर्षांहून अधिक काळ ध्रुवीय अस्वलाचं एकही पिल्लू बाळपण ओलांडून पुढे गेलं नव्हतं.

थोमास ड्योर्फ्लाइन हा कीपर त्याचा सांभाळ करत होता. पिल्लाशेजारी गादी टाकून तो झोपायचा, दर दोन तासांनी बाटली द्यायचा (तान्ह्या मुलांच्या दुधाची पावडर आणि कॉडलिव्हर ऑइल), आंघोळ घालायचा, गिटारवर एल्व्हिस प्रेस्ली वाजवायचा. २३ मार्च २००७ ला क्नुटला पहिल्यांदा लोकांसमोर आणलं तेव्हा जगभरचे कॅमेरे तिथे उभे होते. दाढीवाला दांडगा माणूस आणि त्याच्या पायांशी झोंबणारा पांढरा गोळा. ती चित्रफीत मी पुण्यात बसून पाहिली, पुन्हा पाहिली, मैत्रिणींना ई-मेलनं पाठवली.

मला ते फार आवडलं होतं. आज झडती घ्यायची आहे ती त्या आवडण्याची. पिल्लू जगावं असं मला मनापासून वाटत होतं, त्यात खोट नाही. पण ते जगताना मला दिसावं असंही वाटत होतं, आणि या दोन इच्छा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या होत्या की त्या दोन आहेत हेच लक्षात येत नव्हतं. आईनं टाकलेल्या प्राण्याला हातानं वाढवावं की नाही, हा वाद पुढे अनेकदा ऐकला, त्यात तोंडही घातलं. दर वेळी मी कीपरच्या जागी उभी राहून बोलायचे. माझी खरी जागा कुंपणाच्या अलीकडे होती, तिकीट काढलेल्यांमध्ये.

क्नुटवरून जर्मनीत मोठी रणधुमाळी झाली. त्याला पार्श्वभूमी होती. लाइपझिगच्या प्राणिसंग्रहालयात आईनं टाकलेलं एक अस्वलाचं पिल्लू, तेही आपल्या रानांत असतं त्या काळ्या अस्वलाच्या जातीचं, मारून टाकण्यात आलं होतं. एका प्राणिहक्क कार्यकर्त्यानं त्याविरुद्ध तक्रार केली, ती टिकली नाही. मग त्यानं उलटा सवाल टाकला: तिथे मारणं कायद्याला चालतं, तर इथे माणसानं हातावर वाढवणं कसं चालतं? वर्तमानपत्रांनी त्यातून ‘क्नुटला मारा म्हणतात’ एवढंच उचललं आणि लहान मुलं फलक घेऊन उभी राहिली. त्याचा मूळ तर्क ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. मलाही नव्हती.

‘निसर्गात अशी पिल्लं मरतातच’ हे वाक्य मला तेव्हा क्रूर वाटलं होतं. आज क्रूर वाटत नाही, लबाड वाटतं. निसर्गात मरतात हे खरंच आहे. माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ वाचलेल्या माणसाला, वानरांच्या टोळीचा मालक बदलला की अंगावरच्या पिल्लांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर याच वानरांचा अभ्यास केला. पुढे मातृत्वावर लिहिताना तिनं दाखवलं की पिल्लाला सोडून देणं हे दर वेळी आईपणात बिघाड झाल्याचं लक्षण नसतं. कधी तो आईचा हिशेब असतो. म्हणून ‘निर्दय आई’ वगैरे मथळ्यांना मी तरी हसते.

पण बर्लिनच्या त्या खडकावर निसर्ग होता कुठे? रानातली ध्रुवीय अस्वलीण बर्फात गुहा खणते, हिवाळ्याच्या अंधारात एकटीच पिल्लांना जन्म देते, महिनोन् महिने काही न खाता त्यांना पाजते आणि वसंतात घेऊन बाहेर पडते. त्या काळात तिच्या आसपास दुसरं अस्वल नसतं, लोखंडी दाराचा आवाज नसतो. टोस्काच्या वाट्याला आधी सर्कशीचं रिंगण आलं आणि मग कुंपणातला बांधीव खडक. पिंजरा माणसाचा आणि मरण तेवढं निसर्गाचं, अशी वाटणी करता येत नाही. दार ज्यानं लावलं त्यानं दूध द्यावं. इथवर माझं मन स्वच्छ आहे आणि आजही कुणी विचारलं तर मी बाटलीच्या बाजूनंच बोलेन.

मन अडतं ते न्यूरेंबर्गपाशी. २००८ च्या जानेवारीत तिथल्या प्राणिसंग्रहालयात विल्मा आणि वेरा अशा दोन अस्वलिणी व्यालेल्या होत्या. आपण मध्ये पडणार नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. विल्माची पिल्लं गुहेतच नाहीशी झाली; बहुधा तिनंच खाल्ली. लोक खवळले. त्याच सुमारास वेरा आपलं पिल्लू तोंडात धरून बाहेर आली, बेचैन होऊन त्याला इकडून तिकडे नेऊ लागली, मध्येच खाली टाकू लागली. ते पिल्लू काढून घेण्यात आलं आणि हातावर वाढवलं गेलं. तिचं नाव फ्लोके. वेरा बिथरली होती, तिनं पिल्लू मारलं असतं, हे अधिकाऱ्यांनी दिलेलं कारण. ते खरं असेल. पण विल्माची पिल्लं अंधारात गेली आणि वेराचं कॅमेऱ्यांसमोर आलं, हा फरकही होताच. जे दिसलं ते वाचलं. खवळलेल्या लोकांत मी मनानं होते, आणि आमची ती चीड पिल्लांसाठीच होती असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आम्हाला दुसरा क्नुट हवा होता.

दिसण्याची किंमतही ठरते. क्नुटचं नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं गेलं, खेळणी निघाली, मिठाई निघाली, ‘व्हॅनिटी फेअर’च्या मुखपृष्ठावर लिओनार्दो डिकॅप्रिओबरोबर तो झळकला. मग क्नुटचा बाप लार्स ज्यांच्या मालकीचा होता त्या नॉयम्युन्स्टरच्या प्राणिसंग्रहालयानं या कमाईत वाटा मागितला. अस्वलाच्या बापपणावरून कोर्टकचेरी झाली! २००९ मध्ये बर्लिननं ४,३०,००० युरो देऊन ते प्रकरण मिटवलं.

ड्योर्फ्लाइनकडे मी बोट दाखवणार नाही. त्यानं जे केलं त्याहून कमी करून ते पिल्लू नीट वाढलं असतं असं मला वाटत नाही. हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये माकडांच्या पिल्लांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या होत्या. एक तारेची, दूध देणारी; दुसरी मऊ कापडाची, कोरडी. पिल्लं तारेकडे पोट भरण्यापुरती जात आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून बसत. ते प्रयोग वाचताना आज अंगावर काटा येतो, पण नुसतं दूध पुरत नाही हे त्यांनी पक्कं दाखवून दिलं. म्हणजे पेच असा, की पिल्लू जगायला जो स्पर्श लागतो त्याच स्पर्शानं त्याला माणसाचा लळा लागतो. आणि लळा लागलेलं अस्वल वर्षभरात इतकं मोठं होतं, की त्याच्या प्रेमानंच माणूस मरायचा.

लहानपणी आमच्या घरी एका शेळीनं तिळ्यांतलं एक करडू अंगावर घेतलं नाही. आजीनं त्याला वरच्या दुधावर वाढवलं. ते कळपाबरोबर चरायला जायचं नाही. चुलीपाशी येऊन बसायचं, आम्हा पोरांच्या मागे शाळेपर्यंत यायचं. पुढे एका बाजाराच्या दिवशी बाकीच्या शेळ्या दावं ताणत होत्या, हे मात्र व्यापाऱ्याच्या मागे आपण होऊन चालत गेलं. माणसाला बिचकायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. आजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेळ्या विकण्यासाठीच पाळलेल्या होत्या आणि तिनं तसं कधी लपवलंही नाही. प्राणिसंग्रहालयाला एवढं सरळ उत्तर नसतं. पिल्लू कशासाठी वाढवलं? संवर्धनासाठी, असं पाटीवर लिहिलेलं असतं. क्नुट काही आर्क्टिकला जाणार नव्हता, त्याची पिल्लंही जाणार नव्हती. तो हवामानबदलाचा दूत आहे, असं तेव्हा फार बोललं गेलं. दूताला आपण निरोप आणलाय हे ठाऊक असावं लागतं, एवढंच म्हणते.

जुलै २००७ मध्ये ड्योर्फ्लाइन आणि क्नुटचे लोकांसमोरचे खेळ थांबले. पिल्लू आता धोकादायक झालं होतं. इथे ‘थांबले’ हे किती सोपं क्रियापद आहे! माणसाच्या बाजूनं तो सुरक्षेचा नियम होता. पिल्लाच्या बाजूनं बघायचं तर ज्याच्या अंगाशी झोपून ते वाढलं तो कुंपणापलीकडचा झाला, आणि असं का झालं हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नव्हता. आईनं एकदा टाकलं ते त्याला आठवतही नसेल. हे दुसरं टाकणं त्याच्या जाणतेपणी झालं. प्रेक्षक नसले की क्नुट बेचैन होतो, रडतो, अशा बातम्या पुढे येत राहिल्या. हातावर वाढवण्यातलं नीतीचं खरं कोडं मला इथे दिसतं. बाटली देताना सगळे भोवती असतात. बाटली सुटल्यावरची वीस-पंचवीस वर्षं कोणाच्या हिशेबात असतात? पिंजऱ्यातली ध्रुवीय अस्वलं तेवढी सहज जगतात.

ड्योर्फ्लाइन सप्टेंबर २००८ मध्ये वारला, ४४ वर्षांचा असताना. क्नुटला काही काळ म्युनिकहून आलेल्या जोव्हाना नावाच्या मादीची सोबत मिळाली. मग त्याला तीन मोठ्या माद्यांबरोबर ठेवलं. त्यांतली एक टोस्का होती. त्या त्याला दबवतात, छळतात, अशी पाहणाऱ्यांची तक्रार होती. १९ मार्च २०११ ला शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत तो गरगर फिरला, पाण्यात कोसळला आणि बुडाला. चार वर्षांचा होता.

ती बातमी वाचली तेव्हा दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट मनात आली होती, आणि ती लिहिली नाही तर या झडतीला अर्थ नाही. वाटलं, बघा, हातावर वाढवण्याची ही किंमत. मनासारखा शेवट मिळाल्याचं एक बारीक समाधान त्यात होतं. शवविच्छेदनात मेंदूला सूज आल्याचं दिसलं. २०१५ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी नेमका आजार ओळखला: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते असा एक विकार, तोवर फक्त माणसांत माहीत असलेला. आईनं पाजून वाढवलं असतं तर तो झालाच नसता असं म्हणायला जागा नाही. म्हणजे त्याच्या मरणातून मला माझा मुद्दा काढता येत नाही. पिल्लाकडून आधी गोडवा घेतला, मग त्याच्याकडून बोधही घ्यायला निघाले. घेण्याची खोड तीच.

मेल्यावरही तो दिसायचा थांबला नाही. त्याची कातडी कृत्रिम सांगाड्यावर चढवून बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवली आहे. २०१३ मध्ये ती पहिल्यांदा मांडली तेव्हा त्याच्या चाहत्यांनीच विरोध केला होता. तो विरोध मला समजतो आणि हसूही येतं. जिवंतपणी जे चाललं ते मेल्यावर का खुपावं?

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर पुन्हा लबाडीच. न्यूरेंबर्गची फ्लोके बाटलीवरच वाढली. पण तिला लवकरच रास्पुतिन नावाचं तिच्याच वयाचं अस्वल सोबतीला दिलं. दोघं पुढे फ्रान्समध्ये आंतीबला गेली. तिथे २०१४ मध्ये तिला पिल्लू झालं आणि तिनं ते स्वतः पाजून वाढवलं, माणसाचा हात न लागता. बाटलीवर वाढलेली मादी आई होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांनी फ्लोकेकडे पाहावं. हार्लोच्या प्रयोगांतही आईविना पण बरोबरीच्या पिल्लांत वाढलेली माकडं पुष्कळ सावरली होती. तेव्हा हात लागला की सगळं संपलं, असं नाही. हात कधी काढून घ्यायचा, आणि काढताना कोणाच्या अंगावर सोपवायचं, यावर बरंच अवलंबून असतं.

काढून न घेतलेल्या हाताची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. अमेरिकेत हूपिंग क्रेन हा उंच पांढरा क्रौंच नामशेष व्हायला आला होता. १९६७ मध्ये सान अँटोनियोच्या प्राणिसंग्रहालयात टेक्स नावाची मादी अंड्यातून बाहेर आली. ती नाजूक म्हणून तिथल्या संचालकानं तिला स्वतःच्या घरी वाढवलं. परिणाम असा, की टेक्सला आयुष्यभर माणूस हाच जोडीदार वाटला. नर क्रौंच समोर आला तरी ती ढुंकून बघेना. मग जॉर्ज आर्चिबाल्ड हा पक्षितज्ज्ञ विस्कॉन्सिनमध्ये तिच्याशेजारी मुक्काम ठोकून राहिला. विणीच्या हंगामात रोज तिच्याबरोबर नाचायचा, उड्या मारायचा, हात पंखांसारखे पसरायचा, म्हणजे ती अंडं घालायच्या स्थितीत येई. फलन कृत्रिम रेतनानं. वर्षानुवर्षं हे चाललं. १९८२ मध्ये एकदाचं एक पिल्लू जगलं. थोड्याच दिवसांत टेक्सला रकूननी मारलं. एका माणसानं घरात घेतलं त्याचं देणं दुसऱ्या माणसानं नाचून फेडलं, आणि त्यात हसण्यासारखं असलं तरी आर्चिबाल्ड हसण्यासारखा नव्हता. बाटली धरणारा प्रत्येक जण एवढं नाचायला तयार असतो का?

पुढे तिथले लोक शहाणे झाले. क्रौंचांची पिल्लं वाढवताना पांढरे अंगरखे घालू लागले, हातावर पक्ष्याच्या डोक्याची बाहुली चढवू लागले, पिल्लांपुढे तोंडातून शब्द काढेनासे झाले. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांची शेवटची रानटी पाखरं १९८७ मध्ये पकडून आणली, त्यांची पिल्लंही बाहुलीच्या चोचीनं भरवली. १९९२ पासून सोडलेले पहिले पक्षी तरीही विजेच्या खांबांवर आणि माणसांच्या वस्तीत उतरले, तेव्हा मोठ्या गिधाडांनीच त्यांना वळण लावावं याकडे लक्ष गेलं. या सगळ्यात मला भावतं ते स्वतःला पुसून टाकणं. तो माणूस पिल्लाला वाचवतो आणि पिल्लाला तो माहीतच होत नाही. मला तसं जमलं असतं का? पिल्लानं मला ओळखावं, माझ्याकडे धावत यावं, या आशेवरच तर मी कीपरच्या जागी स्वतःला कल्पीत होते.

आपल्याकडे प्रश्न थोडा वेगळा येतो. जुन्नर, अकोले, नाशिकच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. आई तेवढ्यापुरती दूर गेलेली असते. तिनं टाकलेले नसतात. पूर्वी अशी पिल्लं ‘अनाथ’ म्हणून उचलली जात आणि पिंजऱ्यात मोठी होत. आता वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर बछड्यांना तपासतात आणि संध्याकाळी त्याच शेतात, क्रेटमध्ये वगैरे ठेवून लांब होतात. रात्री मादी येते, एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. पुष्कळदा हे जमतं. आई आलीच नाही, तर मग वरचं दूध आणि बहुधा जन्मभराचा पिंजरा. हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडेही प्राणी सांभाळायला सुरुवात झाली ती शिकार झालेल्या माकडिणीच्या छातीला चिकटून राहिलेल्या पिल्लापासून. तिथे आई खरोखरच मेलेली होती, आणि ते पिल्लू उचललं नसतं तर चुलीवर गेलं असतं. त्या हाताला मी काय विचारणार?

उसाच्या फडातल्या त्या क्रेटशेजारी हल्ली कॅमेराही लावतात. अभ्यासासाठी तो लागतो, आई आल्याची खात्री त्यावरूनच होते. ते चित्रण आपल्यापर्यंत येतं: काळोखात चमकणारे डोळे, क्रेट कलंडतो, बछडा उचलला जातो. मी ते बघते. क्नुटला बघायचे तशीच, पुन्हा पुन्हा. फरक इतकाच की या वेळी पिल्लाला माझ्या बघण्याची किंमत मोजावी लागत नाही. निदान मी तसं धरून चालते.

तेव्हा मी स्वतःला एक प्रश्न घालून पाहिला. एखादं पिल्लू वाचवायचं आहे, ते मला कधीही दिसणार नाही, त्याचं नावसुद्धा कळणार नाही, मोठं होऊन ते कुठल्याशा बंद आवारात पाठ फिरवून झोपून असेल. तर त्या वीस वर्षांच्या खाण्यासाठी मी पैसे देईन का? देईन, असं उत्तर आलं. मग गेल्या वर्षी अशाच एका केंद्राला थोडे पैसे पाठवले. आठ-दहा दिवसांनी पावती आली. सोबत बाटली तोंडात धरलेल्या बछड्याचा फोटो होता. तो मी जपून ठेवला आहे, आणि दोघी-तिघींना पाठवलाही आहे.